बुडालेल्या आगबोटींचे हजेरीपट

युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकाला पलटण असते, क्रमांक असतो आणि बहुधा कुठेतरी एक कबर किंवा शिलालेख असतो. व्यापारी जहाजावर काम करता करता त्याच युद्धात मेलेल्या खलाशाच्या वाट्याला यांपैकी काहीच हमखास येत नाही. व्यापारी जहाज म्हणजे नौदलाचे नव्हे, तर कंपनीच्या मालकीचे, भाडे घेऊन माल किंवा प्रवासी वाहणारे जहाज. युद्धकाळात अशा जहाजावर एखादी तोफ आणि ती चालवणारे मोजके तोफची चढवले जात असले, तरी त्यावरचा खलाशी कायद्याच्या दृष्टीने नागरिकच राहत असे आणि म्हणून लष्करी दफ्तरात त्याची नोंद होत नसे. तो कुठे जन्मला, कोणत्या बोटीवर कोणते काम करत होता, ती बोट कधी, कशी आणि कोणी बुडवली आणि त्यानंतर त्याचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे मिळवायची तर वेगवेगळ्या हेतूंनी तयार झालेले आणि वेगवेगळ्या देशांत जपलेले कागद एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. हे कागद कोणाच्या स्मृतीसाठी नव्हे, तर पगार, कायदा आणि विमा यांच्या सोयीसाठी तयार झाले होते, आणि त्या काळाने माणसांची जी उतरंड मानली होती ती त्यांच्यात जशीच्या तशी उतरलेली आहे. ती ओळखल्याशिवाय या शोधात पुढे जाता येत नाही.

हा विषय महाराष्ट्र आणि गोवा यांच्यापासून दूरचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० भारतीय खलाशी होते, म्हणजे तेथील एकूण मनुष्यबळाचा साधारण चौथा हिस्सा. ब्रिटिश कागदपत्रांत त्यांना ‘लस्कर’ म्हटलेले असते; फौज किंवा छावणी या अर्थाच्या ‘लष्कर’ या फारसी शब्दाचेच हे रूप आहे. या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्युमुखी पडले. मुंबईतून भरती होणाऱ्या बोटींवर कामाची विभागणी प्रदेशांनुसार ठरून गेलेली असे. डेकवरचे लोक मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान आणि गुजरात-काठियावाडच्या किनाऱ्यावरचे असत, इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्द प्रांतातील माणसे असत, तर स्वयंपाकघर आणि प्रवाशांची सेवा गोव्याच्या ख्रिस्ती तारवट्यांकडे असे. कलकत्त्यातून सुटणाऱ्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली आणि चितगाव भागातील लोकांचे प्रमाण मोठे होते.

शोधाची सुरुवात माणसापासून नव्हे, तर जहाजापासून करावी लागते, याचे कारण दफ्तराच्या रचनेत आहे. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक दिलेला असे आणि जहाजाचे नाव किंवा मालक बदलला तरी तो क्रमांक बदलत नसे. एकाच नावाची अनेक जहाजे वेगवेगळ्या काळात होऊन गेलेली असल्यामुळे नुसत्या नावावर विसंबणारा अभ्यासक सहज भलत्याच जहाजाच्या मागे लागतो. क्रमांक मिळाला की मात्र तो थेट त्या जहाजाच्या कागदांपर्यंत पोचतो. हा क्रमांक लॉइड्सच्या वार्षिक जहाजसूचीत किंवा सरकारी नौसूचीत सापडतो. पुढची पायरी जहाजाच्या हालचालींची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी प्रत्येक व्यापारी जहाजाचे एक कार्ड ठेवले होते, ज्यावर ते कोणत्या बंदरात केव्हा आले आणि केव्हा सुटले हे लिहिले जाई आणि जहाज बुडाले असल्यास त्याचाही उल्लेख होई. ही कार्डे लंडनजवळच्या क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात बीटी ३८९ या मालिकेत आहेत.

या सर्व शोधाचा कणा म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’, अर्थात जहाजाचा कॅप्टन आणि खलाशी यांच्यात प्रवासाआधी होणारा करार आणि त्याला जोडलेली माणसांची यादी. प्रत्येकाचे नाव, वय, जन्मस्थान, हुद्दा, पगार, आधीचे जहाज, बोटीवर चढल्याची आणि उतरल्याची तारीख अशी माहिती या कागदावर भरली जाई, म्हणून त्याला जहाजाचा हजेरीपट म्हणणे चुकीचे ठरणार नाही. जहाज बुडाले तर हा कागदही बुडाला असेल, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु ब्रिटनमध्ये लागू असलेल्या १८९४ च्या व्यापारी नौकानयन कायद्याने करारपत्राची दुसरी प्रत भरतीच्या बंदरातील सरकारी अधिकाऱ्याकडे ठेवण्याची व्यवस्था केली होती आणि त्यामुळेच समुद्राच्या तळाशी गेलेल्या कितीतरी बोटींची माणसे आज नावानिशी ओळखता येतात. दुसऱ्या महायुद्धातील करारपत्रे क्यू येथे बीटी ३८१ या मालिकेत जहाजांच्या अधिकृत क्रमांकानुसार लावलेली आहेत.

पहिल्या महायुद्धाची स्थिती अधिक विखुरलेली आहे. जागेअभावी जुनी करारपत्रे नष्ट करण्याची वेळ आली तेव्हा त्यांची वाटणी झाली आणि १८६३ ते १९३८ या काळातील सुमारे ७० टक्के कागद कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी अभिलेखागारात गेले, नमुन्यादाखल दहा टक्के ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवले आणि ज्या वर्षांच्या शेवटी पाच हा आकडा येतो त्यांतील बहुतेक कागद ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आले. या वाटणीमुळे १९१५ या युद्धवर्षाच्या याद्या एकत्र राहिल्या. पुढे स्वयंसेवकांनी त्या वाचून उतरवल्या आणि ३९,००० हून अधिक याद्यांतील सुमारे साडेसात लाख नोंदी नावानुसार शोधता येऊ लागल्या. त्यांत भारतीय खलाशीही हजारोंनी आहेत.

हुद्दा जसजसा खाली जातो तसतसा कागद विरळ होतो, हे या दफ्तराचे ठळक वैशिष्ट्य आहे. कॅप्टन, चीफ ऑफिसर किंवा इंजिनिअर होण्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागे आणि त्या प्रमाणपत्रांच्या नोंदी स्वतंत्रपणे जपल्या गेल्या. शिवाय लॉइड्सने १८५१ पासून १९४७ पर्यंत कॅप्टन आणि अधिकाऱ्यांची चरित्रवजा नोंदवही ठेवली होती, जिच्यावरून एखाद्या अधिकाऱ्याचा जन्म, त्याची प्रमाणपत्रे आणि त्याने केलेल्या बोटी हे सारे लागोपाठ वाचता येते. साध्या खलाशासाठी असे काही नव्हते. युद्धाच्या गरजेपोटी १९४१ मध्ये ब्रिटनने खलाशांची नवी केंद्रीय नोंद सुरू केली आणि तिच्यात आशियाई खलाशांसाठी वेगळा विभाग ठेवला, परंतु तिथेही तपशील सारख्या प्रमाणात भरलेला नाही. त्यातच भारतीय खलाशांचे करार वेगळ्या शर्तींवर, त्यांच्यासाठी छापलेल्या वेगळ्या कागदांवर होत, ज्यांत पगार बराच कमी असे आणि राहण्याची जागा व शिधाही गोऱ्या खलाशांपेक्षा कमी दर्जाचा असे. एकाच जहाजाची माणसे त्यामुळे दोन वेगळ्या करारपत्रांत विभागलेली आढळतात, आणि ज्याने त्यांतले एकच पाहिले त्याला वाटते की आपल्याला सर्व माणसे सापडली.

भारतीय यादी हाती आली, तरी ती वाचण्यासाठी बोटीवरची भाषा माहीत असावी लागते. डेकवरच्या लोकांचा प्रमुख तो सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, कोठारातले सामान सांभाळणारा कसब. इंजिनखान्यात भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, कोळसा ओढून देणारा कोयलावाला आणि यंत्रांना तेल घालणारा तेलवाला. खलाशांचे जेवण रांधणारा भंडारी आणि सफाई करणारा टोपस, हे हुद्दे इंग्रजी लिपीत नाना प्रकारे लिहिलेले सापडतात. भरतीत सारंगाचे स्थान फार मोठे होते, कारण तो आपल्या गावची, नात्यातली आणि ओळखीतली माणसे सोबत आणत असे. याचा शोधाला थेट उपयोग होतो: एका नावापुढे दापोली, खेड किंवा गुहागर तालुक्यातले गाव लिहिलेले आढळले, तर त्याच्या वरखालची नावे त्याच गावची किंवा शेजारच्या वाडीतली असण्याची शक्यता असते आणि ज्यांच्या गावाचा रकाना अस्पष्ट किंवा कोरा आहे अशांचाही माग त्यावरून लागू शकतो. याच भरतीपद्धतीची दुसरी बाजू मात्र दारुण होती, कारण एक बोट बुडाली की एकाच गावातल्या अनेक घरांतला कमावता माणूस एका रात्रीत जात असे.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले नाव पुढच्या कारकुनाने नक्कल करताना आणखी बदलत जाई, म्हणून इब्राहिम, इस्माईल, हुसेन अशा नेहमीच्या नावांचीही चार-पाच रूपे आढळतात. कोकणी मुसलमान खलाशाचे आडनाव पुष्कळदा गाळून नुसते त्याचे व वडिलांचे नाव लिहिले जाई, ज्यामुळे कुटुंबाला आडनावाने माहीत असलेला माणूस यादीत आडनावाने शोधून सापडत नाही. गोव्याच्या माणसाबाबत अडचण नेमकी उलटी असते: फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा अशी आडनावे आणि त्यांना जोडलेली मोजकीच संतनामे यांमुळे एकाच बोटीवर एकाच नावाचे दोघे-तिघे असू शकतात, आणि गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असल्याने त्यांच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ असे लिहिलेले सापडते. वये अंदाजाने सांगितलेली आणि अंदाजानेच लिहिलेली असत. म्हणून नाव जुळले एवढ्यावर थांबणे धोक्याचे असते. वडिलांचे नाव, गाव, हुद्दा आणि आधीची बोट यांपैकी किमान दोन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्याशिवाय ओळख पटली असे मानू नये.

जहाज कसे बुडाले याची हकीकत दोन्ही बाजूंच्या कागदांत शोधावी लागते. ब्रिटिश नौदल खात्याचे अधिकारी वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे अहवाल तयार करत आणि ते क्यू येथे एडीएम १९९ या मालिकेत आहेत. टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावणारा स्फोटक गोळा, कोणत्या बाजूला लागला, किती लाइफबोटी पाण्यात उतरल्या, मदत केव्हा आली, हे त्यांवरून कळते. परंतु मुलाखत बहुधा कॅप्टनची किंवा वाचलेल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याची असे. सारंगाला किंवा आगवाल्याला काय दिसले ते क्वचितच विचारले जाई, त्यामुळे लस्कर घाबरले किंवा धीराने वागले अशा शेऱ्यांना पुरावा मानण्याआधी ते कोणाच्या तोंडचे आहेत हे पाहावे लागते. जर्मन पाणबुड्यांच्या रोजनिश्या १९४५ मध्ये तांबाख येथील वाड्यात दोस्तांच्या हाती लागल्या आणि पुढे त्यांची सूक्ष्मचित्रे निघाली. हल्ल्याची वेळ आणि ठिकाण ताडून पाहण्यास त्या फार उपयोगी पडतात, मात्र जर्मन घड्याळ आणि जहाजावरचे घड्याळ यांतील फरक लक्षात घेतला नाही, तर तारीखच एका दिवसाने चुकते.

‘सिटी ऑफ बेनारस’ या जहाजाच्या कथेत ही एकांगी नोंद स्पष्ट दिसते. लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालेले हे जहाज १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री यू-४८ या जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बुडवले. बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवली जात असलेली ९० मुले त्यावर होती आणि त्यांतील ७७ दगावली. मुलांच्या या मृत्यूने ब्रिटन हळहळला आणि ते स्वाभाविकच होते. पण त्याच रात्री आणि त्यानंतरच्या दिवसांत, उष्ण प्रदेशातून आलेले आणि पुरेशा गरम कपड्यांविना थंडीत सापडलेले सुमारे शंभर भारतीय खलाशीही मेले, आणि त्यांच्याविषयी पुष्कळ काळ फारसे लिहिले गेले नाही. आठ दिवसांनी सापडलेल्या बारा क्रमांकाच्या लाइफबोटीची कथा तिच्यातील सहा मुलांमुळे सर्वत्र गाजली, मात्र त्या बोटीतील बहुसंख्य माणसे लस्कर होती. त्यांची नावे करारपत्रात असतानाही दीर्घकाळ कोणी ती कथेत आणली नाहीत.

मुंबईच्या अधिक जवळचे उदाहरण ‘तिलावा’ या बोटीचे आहे. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, १९२४ मध्ये बांधलेली ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, लॉरेन्सो मार्केस आणि डर्बनकडे निघाली. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी व अधिकारी आणि ४ तोफची मिळून ९५८ माणसे होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटे आय-२९ या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिला गाठले. लोक लाइफबोटींत उतरले, बोट लगेच बुडत नाही असे पाहून काही जण परत तिच्यावर चढू लागले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने वाचलेल्यांना उचलून २७ नोव्हेंबरला मुंबईस आणले. २८० माणसे परतली नाहीत. याच आय-२९ पाणबुडीने पुढच्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून आलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस यांना आपल्यात घेतले. एकाच पाणबुडीच्या नोंदी भारतीयांच्या इतिहासाच्या दोन अगदी भिन्न प्रकरणांत लागतात, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिलावावर चांदीही होती. दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या त्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या आणि २०१७ मध्ये सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या वर काढण्यात आल्या. त्यांच्यावरून झालेला वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. लगड कोणी विकली, कोणी घेतली, कोणत्या बोटीवर चढवली आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे ऐंशी वर्षांनीही न्यायालयापुढे मांडता आले, कारण मालाचे कागद काटेकोरपणे ठेवले गेले होते. त्याच बोटीवर मेलेल्या माणसांच्या वंशजांना मात्र कुटुंबांच्या आठवणी, जुनी पत्रे आणि विखुरलेल्या याद्या जुळवत आपली माणसे शोधावी लागली. या दोन शोधांमधील अंतर हेच या विषयाचे मर्म आहे.

मृत्यूची नोंद आणि स्मारक यांतही हीच विषमता चालू राहते. लंडनच्या टॉवर हिलवर पहिल्या महायुद्धातील सुमारे १२,००० आणि दुसऱ्या महायुद्धातील जवळपास २४,००० व्यापारी खलाशांची व मच्छीमारांची नावे जहाजांनुसार कोरलेली आहेत, म्हणजे बोटीचे नाव माहीत असलेला माणूस तिथे उभा राहून आपल्या आप्ताचे नाव बोटाने स्पर्शू शकतो. भारतीय भरतीतील खलाशांसाठी वेगळी व्यवस्था झाली. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक जणांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ६,००० व्यापारी खलाशी आणि रॉयल इंडियन नेव्हीचे ४०० नौसैनिक यांची नावे दगडावर नव्हे तर एका ग्रंथात लिहिली गेली, ज्याची एक प्रत चितगाव येथे आणि दुसरी मुंबईतील त्याच वसतिगृहात ठेवण्यात आली. एकाच बोटीचे कॅप्टन आणि सारंग, एकाच रात्री मेलेले असूनही, दोन खंडांतील दोन स्मारकांत विभागले गेले आहेत, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत जहाजाच्या नावाने शोध घेतल्यावरच ते पुन्हा एका यादीत येतात. तिथेही सावधगिरी हवी, कारण लाइफबोटीत कित्येक दिवसांनी मेलेल्या माणसाच्या नावापुढेही जहाज बुडाल्याचीच तारीख लिहिलेली असू शकते.

यापुढचा शोध परदेशी दफ्तरांत नव्हे, तर कोकण आणि गोव्यातील घरांत आहे. खलाशाच्या सेवेची नोंद असलेले सीडीसी पुस्तक, मनिऑर्डरीच्या पावत्या, कंपनीने मृत्यू कळवण्यासाठी पाठवलेले पत्र, भरपाई किंवा निवृत्तिवेतनाचा कागद, मागे बोटीचे नाव लिहिलेला फोटो, यांपैकी एकही वस्तू हाती आली तर करारपत्रातील संदिग्ध नावाला चेहरा मिळतो. गोव्याच्या तारवट्यांच्या बाबतीत चर्चमधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि मुंबईतील ‘कूड’, म्हणजे एकेका गावच्या माणसांनी धोबी तलाव आणि आसपासच्या भागात चालवलेली राहण्याची घरे, ही माहितीची महत्त्वाची ठिकाणे आहेत, कारण बोट मिळेपर्यंत आणि बोटीवरून परत आल्यावर तारवटी तिथेच राहत असे. कोकणातील गावांत जमातीच्या वह्या आणि वृद्धांच्या आठवणी हेच काम करतात. आठवणीत तारीख चुकते आणि बोटीचे नाव बदलते, तर कागदात माणसाचे नाव आणि गाव चुकते. दोन्हींच्या चुका वेगवेगळ्या प्रकारच्या असल्यामुळे ती एकमेकांशेजारी ठेवल्यावर खरे काय ते पुष्कळदा स्पष्ट होते.

हे काम थांबून राहण्याजोगे नाही. क्यू, ग्रीनिच किंवा न्यूफाउंडलंड येथील कागद नियंत्रित तापमानात सुरक्षित आहेत आणि आणखी पन्नास वर्षांनीही ते वाचता येतील, परंतु कोकणातल्या माळ्यावरची पत्र्याची पेटी पावसाळ्यागणिक जीर्ण होत आहे आणि आजोबांच्या बोटीचे नाव सांगू शकणारी पिढी सरत चालली आहे. गावागावांतील शाळा, वाचनालये आणि जमाती यांनी आपापल्या गावच्या बोटीवरच्या माणसांची नावे, वडिलांच्या नावासह आणि आठवत असेल त्या बोटीसह, आजच लिहून काढली, तर इंग्रजी करारपत्रांत विद्रूप होऊन पडलेली हजारो नावे त्या यादीशी ताडून पाहता येतील. ज्या सारंगाने गावातली माणसे गोळा करून बोटीवर नेली, त्याची आणि त्याच्या सोबत्यांची नावे शुद्ध लेखनात, त्यांच्या आडनावासह आणि वाडीसह पुन्हा गावात आणणे, एवढे तरी त्या गावांना आणि अभ्यासकांना मिळून करता येण्याजोगे आहे.